बालमाहा: लॉख लोमंडच्या काठावर बारा महिने भटकंती कशी आखावी

स्कॉटलंडमधल्या लॉख लोमंड या सरोवराच्या पूर्व काठावर बालमाहा नावाचं चिमुकलं गाव आहे. आत वळलेला छोटा उपसागर, त्यात नांगरलेल्या होड्या, एक बोटयार्ड, ओक ट्री इन, छोटं दुकान, कॉफीची जागा, मोठा वाहनतळ आणि राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र, एवढाच पसारा. पण इथून निघालं की तासाभरात डोंगरमाथा, पाच मिनिटांच्या बोटप्रवासात जंगलाने भरलेलं बेट आणि दिवसभराच्या टप्प्यात बेन लोमंडसारखा खराखुरा पर्वत गाठता येतो. ग्लासगो शहर जेमतेम पस्तीस किलोमीटरवर. तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्यांना हा एका दिवसाचा बेत आहे, आणि भारतातून येणाऱ्यांनी स्कॉटलंडच्या सहलीतले दोन दिवस इथे काढले तर ते वाया जात नाहीत.

‘कोणत्या महिन्यात जावं?’ हे सगळे विचारतात. जाता कधीही येतं. बेत ठरतो तो तीन गोष्टींवर: उजेड किती तास आहे, माथ्यावर वारा किती आहे आणि अंग किती ओलं होणार आहे. तापमानाचा आकडा त्यानंतर येतो.

सह्याद्रीत भर पावसात फिरलेल्यांची नेमकी इथेच फसगत होते. पावसाची त्यांना सवय असते, पण ती उबदार पावसाची. राजमाचीला चिंब भिजून गरम चहा घेतला की काम भागतं. इथे जुलैतसुद्धा ढगाळ दिवशी माथ्यावर दहा अंशांच्या आसपास तापमान आणि सोसाट्याचा वारा असू शकतो. ओल्या सुती टी-शर्टवर असा वारा तासभर लागला की दात वाजू लागतात, बोटांना चेन उघडता येत नाही आणि माणूस वेडीवाकडी पावलं टाकू लागतो. शरीराचं तापमान घसरू लागल्याची ही लक्षणं आहेत आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही.

पोहोचायचं कसं

स्वतःची गाडी नसेल तर ग्लासगो क्वीन स्ट्रीट स्थानकावरून बॅलखची लोकल पकडा. साधारण पन्नास मिनिटं लागतात. ही गाडी खालच्या मजल्यावरच्या फलाटावरून सुटते. वरच्या मोठ्या दालनात फलाट शोधत बसलात तर गाडी जाईल. बॅलखहून ड्रायमेनमार्गे बालमाहाला ३०९ क्रमांकाची बस येते. तिच्या फेऱ्या विरळ आहेत, म्हणून आधी परतीची शेवटची बस पाहा आणि त्यावरून सकाळची ट्रेन ठरवा. ट्रॅव्हलाइन स्कॉटलंडच्या ॲपवर त्या तारखेचं वेळापत्रक मिळतं. सुट्टीच्या दिवशी ते वेगळं असतं. बस चुकली तर रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही. निघण्याआधीच ड्रायमेन किंवा बॅलखच्या टॅक्सीचा नंबर फोनमध्ये ठेवा.

उन्हाळी हंगामात पश्चिम काठावरच्या लसहून (इंग्रजी लिपीत ‘लुस’ वाटेल असं लिहितात) बालमाहाला प्रवासी बोटही येते. वेळ जमत असेल तर एकीकडून बस आणि दुसरीकडून बोट असा फेरा छान होतो. हिवाळ्यात या बोटीवर विसंबू नका.

गाडीने येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते आणि डाव्या बाजूनेच चालवायचं असल्याने हात लगेच बसतो. मात्र ड्रायमेनपासूनचा बी८३७ रस्ता बालमाहापुढे अरुंद होतो आणि गाव संपताच एक तीव्र, आंधळा चढ लागतो. पुढे जिथे एकाच गाडीपुरता रस्ता आहे तिथे बाजूला दिलेल्या थांब्यात शिरून समोरच्याला वाट द्यायची असते. हे थांबे गाडी उभी करून फोटो काढायला नाहीत. दुसरी गोष्ट वाहनतळाची. मे ते ऑगस्टमध्ये, उन्हाच्या शनिवार-रविवारी तो सकाळीच भरतो आणि मग पुढे-मागे कुठेही गाडी लावायला जागा राहत नाही. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीमुळे रुग्णवाहिका अडते, म्हणून तिथे दंड होतो. नऊच्या आत पोहोचा, नाहीतर दुपारी तीननंतर या. जूनमध्ये तीनला आलात तरी सात तास उजेड हातात असतो.

उजेडाचं गणित

इथला दिवस वर्षभरात किती लांबतो-आखडतो याची भारतातून आलेल्याला कल्पना येत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण पावणेनऊला उगवतो आणि पावणेचारला मावळतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साडेचारला उजाडतं आणि रात्री दहानंतर सूर्यास्त होतो. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तासाने बदलतात. ऑक्टोबरचा बदल जास्त घातक, कारण आदल्या दिवशीच्या मानाने अंधार एकदम तासभर लवकर पडतो.

किती वेळ लागेल हे काढायला विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला, तो अजून वापरला जातो: दर पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाईला एक तास. कॉनिक हिल जाऊन-येऊन साधारण चार किलोमीटर आणि चढ सुमारे ३४० मीटर. म्हणजे पाऊण तास अधिक पस्तीस मिनिटं, एक तास वीस मिनिटं. यात थांबे, फोटो, खाणं, घसरट उतार काहीच धरलेलं नाही. सवय नसलेल्या माणसाने किंवा मुलं बरोबर असतील तर आलेल्या आकड्याची दीडपट करा आणि वर अर्धा तास ठेवा: अडीच तास. आता सूर्यास्तापासून मागे मोजा. डिसेंबरात पावणेचारमधून अडीच तास वजा केले की सव्वा वाजतो, आणि त्यावर एक तास राखीव. म्हणजे सव्वाबाराच्या आत पहिलं पाऊल पडलं पाहिजे. उशीर झाला असेल तर डोंगर सोडा, काठाची वाट धरा. हेडटॉर्च मात्र ऑक्टोबर ते मार्च प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवाच. मोबाइलचा दिवा एका हाताला अडकवून ठेवतो आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

कॉनिक हिल, पायरी पायरीने

उंची ३६१ मीटर. आकड्यावर जाऊ नका. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर असल्याने जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढावी लागते.

वाट वाहनतळाच्या मागच्या बाजूने, झाडीतून सुटते आणि लगेच वेस्ट हायलँड वेला मिळते. ही मलगाय ते फोर्ट विल्यम अशी १५४ किलोमीटरची पायवाट १९८० मध्ये खुली झाली. तिच्या खुणेच्या खांबांवर काटेरी थिसल फुलाचं चिन्ह असतं. इथे उजवीकडे, ड्रायमेनच्या दिशेने वळायचं. डावीकडे गेलात तर काठाने रोवार्डेननला जाल.

झाडीतला टप्पा सावलीचा आणि सोपा. नंतर पायऱ्या लागतात आणि फाटक ओलांडलं की उघडा डोंगर. इथेच थांबून वाऱ्याचं जाकीट घाला. झाडीत घाम आलेला असतो आणि वर वारा लागताच तो घाम गार पडतो. पुष्कळ जण ‘थंडी वाजली की घालू’ म्हणतात. तोवर आतला कपडा गार झालेला असतो आणि मग तीन थर चढवूनही ऊब येत नाही.

पुढे वाट खिंडीत चढते आणि डोंगराच्या उत्तर अंगाने आडवी जाते. वेस्ट हायलँड वे माथ्यावरून जात नाही. माथ्यासाठी उजवीकडे फुटणारी छोटी, उभी वाट धरावी लागते. डोंगराला ओळीने अनेक उंचवटे आहेत. पहिल्या उंचवट्यावर बहुतेक लोक फोटो काढून परत फिरतात आणि खरं सांगायचं तर देखावा तिथूनच जास्त चांगला आहे. सर्वोच्च बिंदू आणखी पुढे, ईशान्येला आहे. ज्यांना तो ‘झाला’ असं म्हणायचं आहे त्यांनी जावं.

वर पोहोचल्यावर नैर्ऋत्येला बघा. इंचकायलोख, टॉरिंच, क्रिंच आणि इंचमरिन ही बेटं एका रेषेत मांडलेली दिसतात आणि ती रेषा तुमच्या पायाखालच्या डोंगरकण्याच्याच सरळीत असते. हा हायलँड बाउंड्री फॉल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या उंच डोंगराळ मुलखाला सखल मुलखापासून तोडणारा भूभंग. उत्तरेला सरोवर अरुंद, खोल, डोंगरांच्या कुशीत शिरतं. दक्षिणेला रुंद आणि उथळ होऊन शेतांमध्ये पसरतं. भूगोलाच्या पुस्तकातली आकृती असं एका नजरेत क्वचितच दिसते.

बिघडतं ते उतरताना. इथला खडक गोल गोट्यांचा बनलेला आहे. ते गोटे सुटून वाटेवर पसरतात आणि बुटाखाली बेअरिंगसारखे फिरतात. पावलं आखूड टाका, वजन पुढच्या पायावर ठेवा आणि मागे रेलू नका, कारण मागे रेललं की टाच सुटते. वाटेच्या कडेच्या गवतावरून उतरणं सोपं वाटतं, पण त्याने माती सुटून वाट आणखी रुंद होते आणि ओलं गवत गोट्यांहून निसरडं असतं. चालण्याच्या काठ्या असतील तर इथेच उपयोगी पडतात.

धुक्यातली चूक ठरलेली आहे: माथ्यावरून खिंडीत उतरल्यावर डावीकडे वळायचं असतं आणि माणूस उजवीकडे वळतो. वाट तितकीच रुंद, खुणेचे खांबही तेच. अर्ध्या तासाने कळतं की आपण ड्रायमेनला निघालो आहोत. चढताना वळणापाशी फोनवर जागा नोंदवून ठेवा आणि उतरताना होकायंत्राने एकदा खात्री करा: बालमाहाची दिशा पश्चिम-नैर्ऋत्य. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल३८ क्रमांकाचा नकाशा बालमाहा आणि कॉनिक हिलच्या परिसराला पुरतो. गावापुढे मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, म्हणून ॲपमधला नकाशा आधीच उतरवून घ्या.

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री गोठलं असेल तर पायऱ्यांवर काचेसारखा पातळ बर्फ धरतो. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे तेव्हा कामाला येतात. ते नसतील तर फाटकापाशी परत फिरा. एप्रिलच्या शेवटी आणि मे महिन्यात मेंढ्या वितात. त्या काळात काही आठवडे वरच्या कुरणात कुत्र्यांना बंदी असते. सूचना फाटकावर लावलेली असते.

अंगावर काय, सॅकमध्ये काय

जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं आणि अंगातली उष्णता ओढून घेतं. तीन थर लागतात. अंगाला चिकटून लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ कपडा, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर शिवणी चिकटपट्टीने बंद केलेलं पाऊस-जाकीट. जलरोधक पँट बहुतेक भारतीय पर्यटक टाळतात. तसं करू नका, कारण ओल्या मांड्यांवरून वारा वाहतो तेव्हा थंडी सर्वांत जास्त बोचते. पावसाळ्यातला पोंचो इथे वाऱ्यात डोक्यावर उडतो आणि पुढचं दिसत नाही. छत्रीचं तर नावच नको.

पाच अंश तापमान आणि ताशी पन्नास किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे एकसारखं जाणवतं. म्हणून हवामान पाहताना गावचं तापमान नव्हे, माथ्यावरचा वारा पाहा. एमडब्ल्यूआयएस ही डोंगरांसाठीची अंदाज-सेवा मोफत आहे आणि तिच्यात ‘वाऱ्याचा चालण्यावर परिणाम’ असा वेगळा रकानाच असतो. गावात पाऊस थांबलेला असताना वर धारा लागलेल्या असणं अगदी नेहमीचं.

सॅकमध्ये प्रत्येकी एक लिटर पाणी, थर्मासमध्ये गरम चहा, कोरडे मोजे आणि हातमोजे (जादा जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत), टोपी, शिटी, हेडटॉर्च, प्रथमोपचार. खाण्यात पोळीचा रोल, चिक्की, खजूर ठेवा. थंडीत पाणी प्यायची आठवण राहत नाही आणि भूकही उशिरा कळते, म्हणून दर तासाला ठरवून दोन घास खा. शाकाहारींना गावात सूप, सँडविच, चिप्स मिळतात, पण हिवाळ्यात स्वयंपाकघर लवकर बंद होऊ शकतं. तेव्हा डबा हाच भरवशाचा.

डोंगर नको असेल त्या दिवशी

वारा जोरात असेल, ढग खाली उतरले असतील किंवा बरोबर आजी-आजोबा असतील तर बेट गाठा. इंचकायलोखला बोटयार्डातून लहान फेरीबोट जाते. पाचेक मिनिटांचा प्रवास, पण हिवाळ्यात आणि वाऱ्याच्या दिवशी आधी फोन करून विचारा. चढताना परतीची वेळ नावाड्याशी पक्की ठरवा. ओकच्या जंगलातून वर चढणारी वाट सुमारे ८५ मीटर उंचीच्या माथ्यावर जाते, तिथून खाली पोर्ट बॉन नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि सपाट वाटेने धक्क्याकडे परत. रमतगमत दोन तास. वाटेत जुनी दफनभूमी लागते. सेंट केंटिगर्ना ही साध्वी आठव्या शतकात याच बेटावर राहिली असं मानतात. मॅकग्रेगर कुळाच्या कबरीही इथेच आहेत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जंगलाची जमीन ब्लूबेलनी निळी होते. हा मोसम साधता आला तर बाकी सगळं सोडून आधी बेटावर जा. पिण्याचं पाणी बेटावर नाही, सोबत न्या.

त्याहून कमी वेळ असेल तर गावाच्या टोकाला क्रेगी फोर्ट हा टेकाडावरचा टप्पा आहे. चढ उभा, पण वीस मिनिटांत होतो. खाली काठावर टॉम वेअरचा पुतळा आहे. या स्कॉटिश गिर्यारोहक आणि दूरचित्रवाणी निवेदकाने हा मुलूख घराघरांत पोहोचवला. लोकरी टोपी घातलेला हा पुतळा २०१४ मध्ये बसवला. लहान मुलांना घेऊन काठाने मिलारोखी बेपर्यंत (साधारण तीन किलोमीटर) जाऊन परत येणं हा सर्वांत सुखाचा बेत. तिथलं काठावरचं एकुटवाणं झाड तुम्ही फोटोंत पाहिलेलं असेल. मात्र ‘असंच पुढे रोवार्डेननपर्यंत जाऊ’ असं म्हणू नका. तिथपर्यंत अकरा-बारा किलोमीटर होतात, वाट सारखी वर-खाली करते आणि सार्वजनिक बस बालमाहालाच संपते. परतीची बोट किंवा टॅक्सी आधी ठरवली असेल तरच जा.

पाण्यात उतरण्याआधी

लॉख लोमंड सुमारे ३६ किलोमीटर लांब आहे. खोली जास्तीत जास्त १९० मीटर. काठाशी पाणी गुडघाभर, स्वच्छ आणि शांत दिसतं. पण तळ काही ठिकाणी एका पावलात सुटतो आणि उन्हाळ्यातही वरचा थोडाच थर कोमट असतो. २०२१ च्या जुलैत, ऐन उकाड्यात, या सरोवरात लोक बुडून मेले, त्यात मुलंही होती. पोहता येणारेही इथे बुडतात, कारण गार पाण्यात पडताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं.

म्हणून क्रम असा ठेवा. तरंगण्याचं जाकीट घालूनच होडीत बसा. पोहायचं असेल तर उडी मारू नका, हळूहळू उतरा, मानेवर आणि तोंडावर पाणी मारा, श्वास ताब्यात येईपर्यंत कमरेपेक्षा खोल जाऊ नका. अचानक पडलात तर हातपाय मारायची ऊर्मी दाबा. डोकं मागे टाकून, कान पाण्यात राहतील असं उताणे तरंगा. एक-दोन मिनिटांत श्वास स्थिरावतो, मग काठाकडे वळा. बाहेर आल्यावर शरीर आणखी दहा-वीस मिनिटं आतून गार होत राहतं, त्यामुळे लगेच कोरडे कपडे घाला, आधी धड, मग डोकं, शेवटी पाय. तोंडाने गरम चहा, पण लगेच गरम पाण्याची अंघोळ नको. पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळी साय दिसली तर ती विषारी शेवाळाची असू शकते. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा.

बोटयार्डात वल्ह्याच्या आणि इंजिनाच्या लहान होड्या भाड्याने मिळतात. नवख्यांनी बालमाहाचा उपसागर आणि इंचकायलोख यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातच राहावं. बेटापलीकडे नैर्ऋत्येचा वारा मोकळा येतो आणि लाटा उठतात. जास्त फसवा असतो तो पूर्वेचा वारा. तो काठावरून सरोवराकडे वाहतो, काठाशी पाणी आरशासारखं दिसतं आणि वल्हवायला फार सोपं जातं, कारण वाराच ढकलत असतो. परत फिरल्यावर कळतं की हात पुरत नाहीत. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, हा नियम पाळा.

बेन लोमंड

९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड हा स्कॉटलंडमधल्या ‘मन्रो’ पर्वतांपैकी (३००० फुटांवरची शिखरं) सर्वांत दक्षिणेचा. सुरुवात रोवार्डेननच्या वाहनतळावरून. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, नाइस्मिथच्या नियमाने चार तास, प्रत्यक्षात पाच ते सहा. ठरलेली वाट उत्तम बांधलेली आहे आणि मे ते सप्टेंबर ती कळसूबाई सहज करणाऱ्याला जमते. काठावरच्यापेक्षा माथ्यावर साधारण सहा अंश कमी धरा. नोव्हेंबर ते एप्रिल हा वेगळाच डोंगर असतो. कडक बर्फ, उत्तरेच्या कड्यावर वाऱ्याने साचलेली बर्फाची पोकळ छज्जं, शून्य दृश्यता. आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) भाड्याने मिळतात, पण ती वापरता येणं महत्त्वाचं. घसरल्यावर ॲक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव नसेल तर मार्गदर्शक घ्या किंवा कॉनिक हिलवर समाधान माना.

तंबू

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क आहे. या पूर्व काठावर मात्र १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात परवाना किंवा अधिकृत कॅम्पिंगची जागा लागते. नियम मोडला तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. परवाने राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतात आणि उन्हाळ्यातले शनिवार लवकर संपतात. परवान्याची जागा म्हणजे नकाशावर आखलेला जमिनीचा तुकडा, तिथे नळ किंवा संडास असेलच असं नाही. सोय हवी असेल तर काठावरच्या सॅलोखी येथे कॅम्पिंगची जागा आहे. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो ग्लासगोत घ्या. झाडं तोडून शेकोटी करू नका, पडलेलं लाकूडही कीटकांचं घर असतं. शौचासाठी पाण्यापासून किमान तीस मीटर लांब, वीतभर खड्डा खणून बुजवा.

मदत लागली तर

डोंगरावर: ९९९ लावा, आधी ‘पोलीस’ म्हणा, मग ‘माउंटन रेस्क्यू’. पाण्यात अपघात झाला असेल तर अग्निशमन दल मागा. थेट माउंटन रेस्क्यू मागणारे लोक चुकीच्या रांगेत पडतात. बोलण्याइतकं नेटवर्क नसेल तेव्हा ९९९ वर एसएमएस जातो, पण त्यासाठी फोन आधी नोंदवलेला हवा: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला पाठवा आणि आलेल्या उत्तरातल्या सूचना पाळा. एक मिनिटाचं काम आहे, ट्रेनमध्ये बसल्या-बसल्या करा. शिटीचा संकेत म्हणजे मिनिटात सहा फुंका, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत, त्यामुळे खर्चाच्या धास्तीने फोन लांबवू नका.

चिलटं आणि गोचीड

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाची चावरी चिलटं असतात. ढगाळ, दमट, निवांत संध्याकाळी ती थव्याने येतात. रोग पसरवत नाहीत, पण माणसाला पळवून लावतात. जरा वारा सुटला, ताशी दहा-बारा किलोमीटर, की ती उडू शकत नाहीत. म्हणून जेवायला झाडीत नव्हे, वाऱ्याच्या टेकाडावर बसा. पिकारिडिन असलेलं मलम आणि डोक्यावर घालायची बारीक जाळी, दोन्ही गावातल्या किंवा ग्लासगोतल्या दुकानात मिळतात. जाळी गडद रंगाची घ्या, पांढऱ्या जाळीतून नीट दिसत नाही.

गोचीड चिलटांहून गंभीर. ती नेच्याच्या झुडपांत आणि उंच गवतात बसलेली असते, मार्च ते ऑक्टोबर जास्त, आणि तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याच्या रेषेत, मुलांच्या केसांच्या कडेला तपासा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, व्हॅसलीन, जळती काडी यांनी ती आत ओकते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

गोचिडीतून होणाऱ्या लाइम या जंतुजन्य आजाराचं लाल वलय चाव्यानंतर तीन दिवस ते महिनाभराने उमटतं. ते पसरत जातं, बहुधा खाजत नाही आणि सावळ्या त्वचेवर फिकट किंवा जांभळट दिसू शकतं. सोबत ताप, अंगदुखी येऊ शकते. ब्रिटनमध्ये असाल तर १११ या आरोग्य-सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा. तोवर तुम्ही पुण्याला किंवा नाशिकला परतलेले असाल, तर डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाच्या चाचण्या करतील, कारण हा आजार त्यांच्यासमोर फारसा येत नाही. स्वतःहून सांगा: अमुक तारखेला स्कॉटलंडमध्ये गोचीड चावली होती. वलयाचा फोटो रोज एक काढून तो दाखवा. वलय नक्की असेल तर रक्ततपासणीची वाट न पाहता प्रतिजैविकं सुरू करतात, आणि ती लवकर सुरू झाली तर आजार बहुधा पूर्ण बरा होतो.